पहिली पंगत

बॉनेटमधून वाफ यायला लागली तेव्हा आप्पा पुढच्या सीटवर अक्षतांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरलो. बॉनेट उघडताच गरम वाफेचा झोत हातावर आला. रेडिएटरची रबरी नळी उभी फाटली होती.

"जयवंता, निघताना पाणी बघितलं होतंस ना रे?" आप्पांनी खिडकीतून विचारलं.

"बघितलं होतं."

बघितलं नव्हतं. बघायचं असतं हे ठाऊक होतं, आदल्या दिवशी आप्पांनी दोनदा सांगितलंही होतं. पण सकाळी भांग पाडण्यात वेळ गेला. कारखान्यात नोकरीला लागून मला सहा महिने झाले होते, सेकंडहँड का होईना पण दारात मोटार उभी होती, आणि मी स्वतःला फार कुणीतरी समजत होतो. आप्पा म्हणत होते एसटीने जाऊ. मीच म्हटलं, लग्नघरची माणसं एसटीने पत्रिका वाटत हिंडली तर लोक काय म्हणतील?

लग्न माझ्या धाकट्या बहिणीचं, वृंदाचं. तीन आठवड्यांवर आलं होतं. रविवार गाठून आम्ही तिघं, आप्पा, आई आणि मी, तासगावहून जतच्या पुढे निघालो होतो. तिथे आप्पांचे थोरले चुलतभाऊ तात्या राहायचे. तात्यांना पत्रिका हातात द्यावी लागे. पोस्टाने आली तर पोस्टानेच परत पाठवीन, असं त्यांनी आधीच कळवून ठेवलं होतं.

चैत्रातलं ऊन. आजूबाजूला नुसता माळ, खडक आणि बाभळी. दोन ट्रक गेले, थांबले नाहीत. एक एसटी गेली, तिच्या टपावरसुद्धा माणसं होती. आई पदर डोक्यावर घेऊन गाडीच्या सावलीत बसली.

रस्त्यापासून जरा आत दगडाची खाण होती. तिथे ट्रॅक्टरचा आवाज चालू होता. तो थांबला आणि थोड्या वेळाने एक माणूस माळावरून चालत आला. चाळिशीचा, अंगावर दगडाची पांढरी पूड, डोक्याला फडकं.

"काय झालं, सायब?"

"नळी फाटली," मी म्हटलं. "इथं जवळ मेकॅनिक आहे का?"

"मेकॅनिक जतंत. आन् आज ऐतवार, दुकान बंद." त्याने आत वाकून नळीला बोट लावलं. "पाणी न्हवतं का घातलं? कोरडी ठाक पडलीया."

मी आप्पांकडे बघितलं. ते अक्षतांच्या डब्याचं झाकण घट्ट करत होते.

"म्हातारी माणसं हायती संगट. वर चला, सावलीला बसा. बघूया काय हुतंय ते."

त्याचं नाव यल्लाप्पा धोत्रे. खाणीच्या कडेला पत्र्याचं छप्पर होतं, त्यात तो, त्याची बायको नागव्वा आणि त्याची म्हातारी आई अशी तिघं राहत होती. ट्रॅक्टरला कॉम्प्रेसर जोडून दगडात भोकं पाडायची, हे त्याचं काम. नागव्वाने आईला बसायला पोतं झटकून दिलं आणि तांब्याभर पाणी आणलं. आई एका दमात पाणी प्यायली.

यल्लाप्पा ट्रॅक्टरपाशी गेला, आणि मी बघतच राहिलो. त्याने पाना घेतला आणि आपल्या ट्रॅक्टरची नळी सोडवायला सुरुवात केली.

"अहो, हे काय करताय?" आप्पा उठून उभे राहिले.

"ही जरा मोठी हाय, पर सायकलीची ट्यूब गुंडाळून बसवतो. घट्ट बसंल."

"आणि तुमचं उद्याचं काम?"

"उंद्याचं उंद्या. तुमाला लगीनघरची कामं हायती." अक्षतांचा डबा आणि पत्रिकांची पिशवी त्याने केव्हाच पाहिली होती.

आप्पा माझ्याकडे वळले. "जयवंता, उद्या सकाळी दुकान उघडलं की नवी नळी घ्यायची आणि जतच्या एसटीत कंडक्टरकडे द्यायची. खाणीपाशी उतरवायला सांगायचं. विसरायचं नाही."

"हो आप्पा."

नळी बसवायला तासभर गेला. तो गाडीखाली उताणा पडून तारेने आवळत होता आणि मी उभ्याने घड्याळ बघत होतो. नंतर रेडिएटरमध्ये पाणी घालायची वेळ आली. नागव्वा छपरातून घागर घेऊन आली. ती रिकामी झाली. मग दुसरी आणली. तीही रिकामी झाली.

"बाई, हे प्यायचं पाणी दिसतंय," आप्पा म्हणाले.

"गाडीला बी तहान लागतीया की, आण्णा. टँकर येतोय उंद्या."

"उंद्या न्हवं, परवा येतोय," आतून म्हातारी म्हणाली.

"अव्वा, तुमी गप बसा!" नागव्वा ओरडली, आणि तिसरी घागर घेऊन आली.

निघू म्हटलं तर तिने जाऊ दिलं नाही. भाकऱ्या, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. आईने चटणी दोनदा मागून घेतली.

"पाट्यावरची आहे ना? तरीच. मिक्सरला ही चव येत नाही. आमच्या वृंदाला संसारात एक पाटा द्यायचा फार मनात होतं, पण टाकी लावलेला चांगला दगड आता मिळतो कुठे?"

यल्लाप्पा हातावरचं वंगण पुसत ऐकत होता.

आप्पा हायस्कूलचे मुख्याध्यापक. माणसाचं ऋण तोंडाने मान्य केल्याशिवाय त्यांना उठताच येत नसे. त्यांनी पिशवीतून एक कोरी पत्रिका काढली, कोपऱ्यांना कुंकू लावलं, पेन उघडलं.

"पूर्ण नाव सांगा."

"माजं? कशाला?"

"सांगा तर."

"यल्लाप्पा सायबू धोत्रे."

आप्पांनी आपल्या घोटीव अक्षरात ते नाव लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. "श्रीयुत यल्लाप्पा सायबू धोत्रे, सहकुटुंब सहपरिवार." मग डब्यातल्या अक्षता कागदाच्या पुडीत बांधून पत्रिकेवर ठेवल्या आणि दोन्ही हातांनी पुढे केल्या. "आमच्या मुलीचं लग्न आहे. तीन आठवड्यांनी, तासगावला, माझ्या हायस्कूलच्या पटांगणात. तुम्ही तिघांनी यायचं. आग्रहाचं बोलावणं आहे."

यल्लाप्पाने पत्रिका घेतली नाही. आधी हात धोतराला पुसले, मग परत पुसले.

"गुरुजी, आमी लग्नात जातोय की. पर चुलवाण खणाया. आचाऱ्याला मोठ्या कढया ठेवाया लांब चर लागतो बगा, त्यो खणायचा आन् लगीन उरकलं की बुजवायचा. जमीन खडकाळ असली की आमालाच बोलावत्यात."

"मग जेवणखाण तिथंच होत असेल," आई म्हणाली.

"न्हाई आक्का. कामाला गेलो की घरची भाकरी. बोलावल्याबिगर दुसऱ्याच्या ताटावर बसायचं न्हाई, आमच्या बाचा दंडक हाय त्यो." त्याने पत्रिका घेतली आणि त्यावरच्या नावावर अंगठा फिरवला. त्याला वाचता येत नव्हतं. "असं नाव घालून आजवर कुणी बोलावलं न्हवतं."

"आता बोलावलंय," आप्पा म्हणाले. "या. वाट बघतो."

लग्नाच्या पत्रिका देताना सगळेच असं म्हणतात. समोरचाही 'येतो की' म्हणतो, आणि कोण खरंच येणार आणि कोण नाही हे दोघांनाही कळत असतं. मला वाटलं, आप्पाही तसंच म्हणाले. आप्पा तसं म्हणाले नव्हते, आणि यल्लाप्पानेही तसं घेतलं नव्हतं. तिथे तसं समजणारा मी एकटाच होतो.

तात्यांकडे आम्ही संध्याकाळी पाचला पोचलो. पत्रिका घेऊन तात्या म्हणाले, "उशीर केलात."

सोमवारी मी नळी घ्यायला गेलो नाही. कारखान्यातून निघायला उशीर झाला, हे खरं. मंगळवारी मंडपवाला. बुधवारी सरळ विसरलो. गुरुवारी जेवताना आप्पांनी विचारलं, "नळी पाठवलीस ना?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाठवली."

एकदा पाठवली म्हटल्यावर ती पाठवणं अवघड होऊन बसलं. रोज मनात यायचं की आज नेऊन देऊ, आणि रोज वाटायचं, आता इतक्या दिवसांनी? त्याने केली असेल काहीतरी सोय. पुढे पुढे मनात यायचंही थांबलं. आमच्या गाडीत त्याची नळी होती आणि मी त्याच गाडीतून लग्नाच्या खरेदीला हिंडत होतो.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून वरपक्षाचं काही ना काही बिनसत होतं. सोयरिक आमच्यापेक्षा मोठी, कोल्हापूरची. नाश्त्याचे पोहे गार होते. वरातीची घोडी अर्धा तास उशिरा आली. नवऱ्या मुलाचे मामा, इंगवले म्हणून होते, ते फेट्याच्या शेमल्याशी खेळत मांडवात फिरत आणि दर वेळी नवीन चूक हुडकून काढत. आईचा चेहरा पार उतरला होता. वृंदा बोहल्यावर मान खाली घालून उभी होती, पण तिचं लक्ष मामांकडे होतं हे मला दिसत होतं. काही करून दिवस पार पडावा आणि पोरीला सासरी पहिल्याच दिवशी टोमणा ऐकायला लागू नये, एवढंच आम्हाला हवं होतं.

मुहूर्त गाठला गेला. अक्षता पडल्या. पटांगणात पहिली पंगत मांडली. पहिली पंगत वऱ्हाडाची, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. वाढप्यांवर लक्ष ठेवायला मी उभा होतो. एवढ्यात मामांनी हाक मारली.

"जयवंतराव, इकडे या जरा."

मी गेलो. पंगतीच्या अगदी टोकाला, पहिल्या तीन पानांवर यल्लाप्पा, नागव्वा आणि म्हातारी बसली होती. त्याच्या अंगात कोरा पांढरा सदरा, घड्या अजून मोडल्या नव्हत्या. डोक्याला गुलाबी पटका. नागव्वाने हिरवं इरकल नेसलं होतं. सदऱ्याच्या खिशातून पत्रिका वर डोकावत होती, तिच्या कोपऱ्यावरचं कुंकू दिसत होतं. पहिली पंगत कुणाची असते हे त्यांना कुणी सांगितलंच नसणार. लग्नात ते आजवर मांडवाच्या मागच्या बाजूलाच राहिले होते.

मला बघून तो अर्धवट उठला. तोंडभर हसला.

"आलो बगा, सायब! गुरुजी कुटं हायती? त्यांना भेटायचंय."

भेटायचंय म्हटल्यावर मी चटकन मांडवात आप्पा कुठे दिसतात का ते बघितलं. हा आप्पांना भेटणार. आप्पा पहिलं काय विचारणार? नळी मिळाली ना? आणि हा म्हणणार, कुठली नळी?

"ही कुणाकडची माणसं?" मामांनी विचारलं. आवाज मुद्दाम चढा होता, शेजारची चार माणसं वळून बघायला लागली. "आमची माणसं तिथं उभी आहेत आणि इथं कोण बसलंय? तुमची आहेत का ही?"

आमची आहेत, एवढंच म्हणायचं होतं. ऐन उन्हात ह्यांनी आम्हाला घोटभर पाणी दिलं, आप्पांनी नाव घालून बोलावलंय. मामा कदाचित तणतणले असते. कदाचित नसतेही, माणूस वाईट नव्हता, हे मला पुढे कळलं. पण मी घाईत होतो, आणि घाबरलेलो होतो, आणि ते मामांना घाबरून नव्हतं.

"नाही, नाही," मी म्हटलं. "चुलवाण खणायला बोलावलेली माणसं आहेत. चुकून बसली."

शब्दही माझे नव्हते. चुलवाण खणायला. तीन आठवड्यांपूर्वी त्यानेच मला ते पुरवले होते.

यल्लाप्पाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. गाडीची नळी बघितली होती तसं, कुठे फाटलंय ते बघावं तसं बघितलं.

"मागं जावा," मी म्हणालो. "आचाऱ्याकडं."

"बरं," तो म्हणाला.

म्हातारीला काही उमगलं नव्हतं. तिच्या पानात मीठ आणि लिंबाची फोड वाढून झाली होती. "वाढाया लागल्यात की रं. उठायचं कशाला?"

"ही आपली पंगत न्हवं, अव्वा. ऊठ."

त्याने तिला काखेत हात घालून उठवलं. नागव्वाने माझ्याकडे बघितलंही नाही. तिघं मांडवाच्या मागे गेली. मामा समाधानाने हसले, त्या तीन पानांवर त्यांची माणसं बसली, आणि मी 'जिलबी वाढा, जिलबी' म्हणून ओरडलो.

पुढचे तीन तास मला मागे जायला शंभर संधी होत्या. पाणी बघायला म्हणून, भात बघायला म्हणून. मी एकदाही गेलो नाही.

चारच्या सुमारास वृंदा सासरी गेली. मांडव रिकामा झाला. आचारी कढया घासून टेम्पोत चढवत होता, मला बघून म्हणाला, "दादा, तुम्ही पाठवलेला गडी लई कामाचा हो. निखारे विझेस्तोवर तिघं लिंबाखाली बसून होती. मग फावडं मागून घेतलं आणि अख्खं चुलवाण बुजवून, चोपून दिलं. तुमची जमीन होती तशी केली."

"जेवली का?"

"मी म्हटलं की, बसा म्हणून. पाच भाज्या आहेत, जिलबी आहे. तर म्हणाला, कामावर आलो की आम्ही घरची भाकरी खातो. पण भाकरी काही दिसली नाही त्यांच्याकडे. तशीच गेली एसटीला."

भाकरी कशी असेल? ती जेवायला आली होती.

तेवढ्यात लिंबाकडून आप्पांची हाक आली. "जयवंता! अरे इकडे ये, हे बघ!"

लिंबाच्या बुंध्याशी पाटा-वरवंटा होता. काळ्या दगडाचा, नवा, टाकीचे घाव अगदी एकसारखे. पाट्याच्या एका कडेला चार पाकळ्यांचं फूल कोरलेलं. उचलून बघितला, मला एकट्याला झेपेना. एवढं ओझं त्याने एसटीने आणलं होतं. वरवंट्याखाली पत्रिका ठेवलेली होती, वाऱ्याने उडू नये म्हणून.

आप्पांनी आपलं अक्षर ओळखलं. "यल्लाप्पा आला होता! तुला भेटला?"

"भेटला."

"जेवला ना? कुठे बसवलंस?"

"पहिल्या पंगतीला," मी म्हणालो.

आप्पांचे डोळे भरून आले. मला आयुष्यात त्यांनी फार वेळा जवळ घेतलं नव्हतं, तेव्हा घेतलं. त्यांच्या उपरण्याला हळदीचा वास येत होता.

पुढच्या रविवारी ते एकटेच एसटीने खाणीवर गेले. नागव्वाला लुगडं, यल्लाप्पाला धोतरजोडी आणि डबाभर लाडू घेऊन. मी म्हटलं मी येतो, तर म्हणाले, तू थकलायस, आराम कर. त्या दिवशी मी दारात बसून होतो. एकदा वाटलं, बॅग भरावी आणि कुठेतरी निघून जावं. संध्याकाळी ते फाटकातून आत आले, चपला काढल्या, पाय धुतले.

"भेटली का ती?" आईने विचारलं.

"भेटली. म्हातारीची तब्येत बरी नाही." मग ते माझ्याकडे वळले. "मी त्याला विचारलं, नळी मिळाली होती ना वेळेवर. म्हणाला, मिळाली की, दुसऱ्याच दिवशी. आणि म्हणाला, गुरुजी, तुमच्या पोरानं आम्हाला पयल्या पंगतीला बसवलं, हाताला धरून. गर्दीत तुमची गाठ पडली नाही एवढंच."

माझं खोटं त्याने स्वतःच्या तोंडाने खरं करून दिलं होतं. मला वाचवायला की आप्पांना, मला माहीत नाही. बहुतेक आप्पांना. माझ्यासाठी त्याने आणखी काही करावं असं माझ्यात काही नव्हतं.

नळी मी दुसऱ्याच दिवशी, सोमवारी घेतली. पण आता ती घेऊन जाणं म्हणजे त्याच्यासमोर उभं राहणं होतं. पाऊस सुरू झाल्यावर जाईन म्हणालो, मग दिवाळीत. तोवर खाणीचं काम बंद पडलं आणि माणसं कुठे गेली ते कळलं नाही. नळी माळ्यावर पडून होती. गेल्या वर्षी घर रंगवताना सापडली, हातात धरली तर तुकडे पडले.

आप्पा पुढे अकरा वर्षं जगले. घरात कुणी पाहुणा आला की ही गोष्ट सांगत. गाडी कशी बंद पडली, तीन घागरी पाणी कसं घातलं, आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "आणि ह्यानं, ऐन व्याह्यांच्या मानपानात, त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं." पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघत. मी खाली बघे. लोकांना तो माझा विनय वाटायचा.

पाटा-वरवंटा वृंदाकडे कोल्हापूरला आहे. टाकी अजून बोथट झालेली नाही. मी गेलो की ती मुद्दाम त्याच्यावर शेंगदाण्याची चटणी वाटते आणि भाकरीबरोबर पानात वाढते. आता तिच्या सुनेलाही ती गोष्ट पाठ झालीय. परवा ती पोर वाढता वाढता म्हणाली, "मामा, तुम्ही त्यांना खरंच पहिल्या पंगतीला बसवलं होतं?"

"हो," मी म्हटलं, आणि पानातली चटणी संपवली.